दुसऱ्या दांडीच्या जागी गादी

पेडल स्टील गिटार विकत घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न किमतीचा पडत नाही, दांड्यांचा पडतो. एक दांडी की दोन? आणि एकच घ्यायची ठरवली, तर ती एकेरी बॉडीवर की दुहेरी बॉडीवर? गेले सात-आठ महिने मी या प्रश्नात अडकलो होतो. आमच्या घरात त्यावर इतकी चर्चा झाली की बायको शेवटी म्हणाली, "मुलीचं लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हतात."

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. नावात गिटार असलं तरी ते मांडीवर किंवा छातीशी धरत नाहीत. चार पायांवर उभा केलेला एक अरुंद लाकडी पाट समजा. त्यावर दहा तारा. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. खाली डाव्या पायाशी पेडल, दोन्ही गुडघ्यांना डावीउजवीकडे ढकलायचे लिव्हर आणि उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं वेगळं पेडल. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळेच कामाला. अमेरिकेच्या कंट्री गाण्यात मागे जो हुंदक्यासारखा लांबणारा आवाज येतो, तो या वाद्याचा.

आपल्या कानाला ती मींड वाटते, आणि ती मींडच आहे. पण तिच्यात एक वेगळी गंमत आहे. तीन सूर एकत्र वाजत असताना एक सूर जागेवर थांबतो आणि बाकीचे दोन सरकून वर जातात. तारा ई, जी शार्प आणि बी या सुरांत असतील, तर पहिली दोन पेडल दाबल्यावर बीचा सी शार्प होतो, जी शार्पचा ए होतो आणि ई तसाच राहतो. कांडी न हलवता एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर. पाय सावकाश दाबला तर ते सरकणं ऐकू येतं. ते सरकणं म्हणजेच हे वाद्य.

मी व्यवसायाने यंत्रांचा माणूस. तरुणपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगच्या आवाजात गेलं, आता टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या एका कारखान्यात तेच काम करतो. त्यामुळे मी या वाद्याच्या प्रेमात पडलो ते खालून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुरांआधी मी वाकून त्याचं पोट पाहिलं. पेडल दाबलं की एक सळई खाली ओढली जाते, आडवा दांडा फिरतो, त्याच्यावरचा छोटा हात दुसरी सळई ओढतो आणि ती सळई उजव्या टोकाला घोडीच्या जागी असलेलं धातूचं बोट फिरवते. त्या बोटावरून गेलेली तार घट्ट होते. पाय सोडला की तार पुन्हा मूळ सुरावर आली पाहिजे, दर वेळी, केसाचाही फरक न पडता. माणसाने हे हातानं जुळवलंय याचंच मला कौतुक वाटत राहिलं.

आता दांड्यांकडे येऊ. तसं पाहिलं तर या वाद्यात दांडी दाबायचीच नसते, कांडी तारांवर अधांतरी फिरते. पट्ट्यांच्या रेघा फक्त डोळ्यांसाठी. तरी शब्द नेक, म्हणजे दांडीच. एक दांडी म्हणजे दहा तारांचा एक संच, एका विशिष्ट पद्धतीने लावलेला. दोन दांड्यांच्या वाद्यावर असे दोन संच शेजारीशेजारी असतात. वाजवणाऱ्यापासून लांबची दांडी ई-९ची, जवळची सी-६ची. ई-९ म्हणजे नॅशव्हिल, विरहाची गाणी, रडवणारी मींड. सी-६ म्हणजे जॅझ आणि आमच्या टेक्सासचं वेस्टर्न स्विंग, भरलेले जाड कॉर्ड, नाचायला लावणारी चाल.

दोन दांड्या आल्या कुठून, याचा इतिहास मजेशीर आहे. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकु या मुलाने गिटारच्या तारांवर पोलाद सरकवून वाजवायची पद्धत रूढ केली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर अख्खी अमेरिका हवाईयन गिटारच्या नादाला लागली. १९३० च्या दशकात तिला वीज मिळाली. पण पेडल नव्हती, तेव्हा एका संचावर मोजकेच कॉर्ड मिळत. दुसरे हवेत तर दुसरा संच. म्हणून दांड्या वाढत गेल्या, दोन, तीन, अगदी चारसुद्धा. फेंडर कंपनीच्या स्ट्रिंगमास्टरमध्ये चार दांड्यांचाही प्रकार होता. वाजवणारा उभा राहून या दांडीवरून त्या दांडीवर उडी मारी.

पेडल आल्यावर खरं तर ही उडी संपायला हवी होती. १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने सूर वाजत असतानाच पेडल दाबून तो सरकवला आणि सगळ्या वाजवणाऱ्यांची झोप उडाली. ज्याला त्याला पेडल हवी झाली. पण तोवर दोन संचांना आपापलं व्याकरण आलं होतं. बडी एमन्ससारख्या उस्तादाने ई-९ला दोन जादा सूर देऊन ते आजच्या रूपात आणलं आणि त्याच माणसाने १९६३ मध्ये स्टील गिटारवर जॅझची अख्खी रेकॉर्डही केली. मग कुठली दांडी काढायची? कुणीच काढेना. दोन दांड्या, आठ पेडल, चार-पाच लिव्हर हेच पुऱ्या वादकाचं वाद्य ठरलं.

आपल्याकडेही हे वाद्य आलं, पेडलशिवाय. टाऊ मो नावाचा कलावंत आपल्या कुटुंबासह दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिला आणि तिथे हवाईयन गिटारची गोडी रुजली. कवी काझी नजरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध हेही गिटारवादकच. मुंबईत व्हॅन शिपले यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या धुना वाजवून ते घराघरात नेलं. लहानपणी मिरजेत रेडिओवर त्या धुना लागायच्या, तेव्हा अब्बा म्हणायचे, "ही गिटार बोलते." पुढे ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग वाजवला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या सोबत तेच आहेत.

मला यात एक फरक फार बोलका वाटतो. तिकडे जास्त सूर हवे होते म्हणून दांड्या वाढल्या. आपल्याकडे दांडी एकच राहिली आणि तिच्यावर तारा वाढल्या, आधी चिकारी, मग तरफा. मी मिरजेचा. सतारमेकरांच्या दुकानांपुढून शाळेत गेलोय. भोपळे वाळत टाकलेले, जवारी काढायला बसलेला म्हातारा कारागीर, तारेला कान लावून. हत्यारं करणाऱ्या शिकलगारांच्या घराण्याने सतारी करायला घेतल्या, हे आमच्या गावाचं जुनं वैभव. त्या कारागिरांना कुणी दोन दांड्यांची सतार करा म्हटलं असतं तर त्यांनी चहा पाजून घरी पाठवलं असतं. "एकीवर आयुष्य पुरत नाही, दोन कशाला?"

हाच प्रश्न लॉइड ग्रीनलाही पडला असावा. नॅशव्हिलच्या स्टुडिओत हजारो गाण्यांत वाजवलेला हा माणूस. १९६८ च्या बर्ड्सच्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'मध्येही त्याची स्टील आहे. त्याने सी-६ची दांडी सोडली. पण बॉडी दुहेरीच ठेवली. जवळची दांडी जिथे असते तिथे मऊ गादी बसवली. सत्तरच्या दशकात शो-बड कंपनीने त्याच्या नावाचं असं वाद्य बाजारात आणलं आणि आज ज्याला एक दांडी, दुहेरी बॉडी म्हणतात ते रूढ झालं.

लाकूड वाचवायचं सोडून रिकामी जागा का ठेवायची? कारणं आहेत. ज्याने दोन दांड्यांवर शिकलंय त्याचे हात लांबच्या दांडीच्या अंतराला बसलेले असतात. एकेरी बॉडीवर तारा एकदम पोटाशी येतात. दुहेरी बॉडीवर ते अंतर तसंच राहतं आणि गादीवर मनगट टेकवता येतं. खाली गुडघ्यांना ऐसपैस जागा मिळते. रुंद पाया असल्याने पेडल जोरात दाबलं तरी वाद्य हलत नाही. एकेरी बॉडीचा फायदा एकच, पण मोठा. ती हलकी आणि लहान. गाडीच्या डिकीत मावते, म्हाताऱ्या हातांना उचलते.

आणि वजन ही या सगळ्या चर्चेतली गुपचूप बसलेली सासू आहे. शेवटी तिचंच चालतं. माझ्या शिक्षकांचं जुनं दोन दांड्यांचं वाद्य मी घरच्या काट्यावर तोललं. पेटीसकट ३१ किलो. मी पाहून ठेवलेलं एक दांडी, दुहेरी बॉडीचं वाद्य पेटीसकट २२. माझं वय ५४ आणि कमरेतला एक मणका दहा वर्षांपूर्वीच सरकलेला. डॉक्टरांनी सांगितलंय, १५ किलोच्या वर एकट्याने काही उचलू नका.

तर मग घरीच ठेवावं की वाद्य! पण तेही शक्य नव्हतं. दर शनिवारी संध्याकाळी मी इथल्या एका वृद्धाश्रमात वाजवायला जातो. वीसेक म्हातारी माणसं बसतात. बहुतेकांना जुनी रडकी गाणी हवी असतात, ती ई-९ची. पण पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीवर बसणारे एक आजोबा आहेत, नव्वदीच्या पुढचे. तरुणपणी शनिवारी रात्री नाचघरात जाणारे. बायको तिथेच भेटली. आता त्यांना माझं नाव लक्षात राहत नाही, पण दर वेळी हात वर करून ते एकच शब्द म्हणतात, "स्विंग." आणि स्विंग म्हणजे सी-६. ते आपल्या हिशेबाने बरोबरच मागतात.

याहून अवघड गोष्ट माझ्या शिक्षकांची होती. वय ७८. चाळीस वर्षं नाचघरांतून वाजवलेलं. आता उजवा हात कापतो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आपलं दोन दांड्यांचं वाद्य मला देऊ केलं, बाजारभावाच्या निम्म्याहून कमी पैशांत. म्हणाले, "माझ्यामागे मुलं हे भिंतीला लावून ठेवतील. तू वाजवशील." असं वाद्य नाकारायचं कसं? आपल्याकडे उस्तादाने हातचं वाद्य शागिर्दाला दिलं तर तो डोळ्यांना लावून घेतो, वजन विचारत नाही. अब्बा असते तर म्हणाले असते, "देणाऱ्याचा हात बघ रे, काटा काय बघतोस!"

मी दोन आठवडे त्यांना उत्तर दिलं नाही. कागदावर दोन रकाने पाडले. दोन दांड्या म्हणजे वीस तारा रोज लावायच्या, शिवाय प्रत्येक पेडल आणि लिव्हरचा सूर टोकाच्या छोट्या नटांवर चावीने वेगळा जुळवायचा. दोन दांड्या म्हणजे रियाजाचेही दोन भाग. नोकरी सांभाळून मला दिवसाला एक तास मिळतो. तो अर्धा-अर्धा केला तर दोन्ही दांड्यांवर मी कायम नवशिकाच राहणार. पण एक सोडली तर आजोबांची फर्माईश गेली आणि शिक्षकांचं मन मोडलं.

यात माझ्या मनाचा एक वेगळाच गुंता होता, तोही सांगतो. आम्हा मराठी मुसलमानांना 'एक की दोन' हा प्रश्न नवा नाही. घरात दखनी, शाळेत आणि बाजारात मराठी. अम्मी दोन्ही भाषांत एकाच वाक्यात रागवायची. लहानपणापासून कुणी ना कुणी विचारत आलंय, तुमची खरी भाषा कुठली? जणू एक ठेवायची तर दुसरी खाली ठेवून यायला हवं. मी कधीच ठेवली नाही, ठेवायची गरजही पडली नाही. त्यामुळे कुणी "एक दांडी काढून टाक" म्हटलं की माझा पहिला जबाब नकाराचाच असतो. पण हळूहळू ध्यानात आलं की भाषेला वजन नसतं. ती जिन्यावरून वर न्यावी लागत नाही. वाद्य न्यावं लागतं. लाकूड आणि लोखंडाच्या प्रश्नाला ओळखीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन चालत नाही.

मग मी यंत्राच्या माणसासारखा विचार केला. सी-६ची दांडी नसेल, तर ई-९वर स्विंगचा किती भाग निघतो? बराच निघतो. ई-९वर दोन ई तारा अर्धा सूर खाली नेणारा लिव्हर असतो. तो दाबून धरला की तारांवर बी, डी शार्प, एफ शार्प आणि जी शार्प हे सूर जमतात. हाच बी-६ कॉर्ड. कांडी एक पट्टी पुढे नेली की झाला सी-६. खालच्या जाड तारा मात्र नाहीत, त्यामुळे खर्जाचा तो भरीवपणा येत नाही. बारा तारांचं एक वाद्य यासाठीच करतात, दोन्ही संच एकाच दांडीत मावतील असं. ते मी वाजवून पाहिलं. पण त्यात तारांची ओळखच बदलते आणि या वयात बोटांना नवा पत्ता शिकवायची माझी तयारी नव्हती. दहा तारांवर लिव्हर धरून मी जुन्या स्विंगच्या दोन चाली बसवल्या. मूळ आवाज नव्हे, पण ठेका आणि रंग तोच.

त्या चाली घेऊन मी शिक्षकांकडे गेलो. त्यांच्याच वाद्यावर, लांबच्या दांडीवर, लिव्हर धरून वाजवून दाखवल्या. ते हसले. म्हणाले, "खर्ज नाही, पण तुझ्या कमरेला तेवढंच झेपेल." मग मी सरळ सांगितलं, "सर, मी एका दांडीचं घेतोय. तुमचं वाद्य माझ्याच्याने दर शनिवारी उचलवणार नाही. आणि उचलायचं नसलेलं वाद्य माझ्या घरात ठेवलं, तर ते तुमच्या मुलांच्या भिंतीऐवजी माझ्या भिंतीला लागेल."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. वाईट वाटलं, ते दिसलं. ते वाईट वाटणं मी पुसू शकत नव्हतो आणि तसा प्रयत्नही केला नाही. मग त्यांनी विचारलं, "एकेरी बॉडी का?" मी म्हटलं, "नाही, दुहेरी. गादीवाली." ते म्हणाले, "बरं केलंस. हात तिथेच राहतील. म्हणजे इथे आलास तर जागा शोधावी लागणार नाही."

आता असं चाललंय. माझं एका दांडीचं वाद्य आठवडाभर घरी असतं आणि शनिवारी वृद्धाश्रमात जातं. मी एक टोक धरतो, तिथला चौकीदार दुसरं. रविवारी सकाळी मी शिक्षकांकडे जातो. त्यांचं ३१ किलोचं वाद्य तिथेच उभं असतं, कुठेही न हलता. आधी लांबच्या दांडीवर आठवड्याचा धडा, मग अर्धा तास जवळच्या दांडीवर सी-६. ते शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि कापत्या बोटाने तार दाखवतात. पुढे ते वाद्य कुठे जाईल याबद्दल आम्ही दोघेही बोलत नाही. त्यांच्या मुलाशी एकदा बोलायला हवं, हे मात्र मी मनाशी ठरवलंय.

वाद्य घ्यायला निघालेल्या कुणी मला विचारलं तर एवढंच सांगेन. आधी दोन गोष्टी पाहा. तुम्ही ते कुणासाठी वाजवणार आणि ते कुठपर्यंत उचलून नेणार. आवाज, लाकूड, कंपनी यांच्या गप्पा त्यानंतर. घरात बसून वाजवायचं असेल, हाताशी वेळ असेल, तर बेलाशक दोन दांड्या घ्या, जुन्या घ्या. उचलून थकलेले लोक त्या स्वस्तात विकतात. एकट्याने जिने चढायचे असतील तर एकेरी बॉडी. आणि माझ्यासारखं दोन्हींच्या मध्ये कुठे असाल, तर गादीवाली. गेल्या शनिवारी आजोबांनी हात वर करायच्या आत मी लिव्हर धरून स्विंगची चाल सुरू केली. खर्ज कमी होता. त्यांच्या उजव्या पायाने खुर्चीच्या पट्टीवर ठेका धरला होता, आणि तो बरोबर होता.